मॉरिशसचे डोंगर आणि तेथें हिंडणारीं माणसें

श्रोतेहो, मॉरिशस बेटाचें नांव हल्लीं आपल्या शहरांतील कुटुंबांत वारंवार कानीं पडतें. कोणाचा मुलगा नवपरिणीत पत्नीसह तेथें जाऊन येतो, कोणी शेजारी मुलाबाळांसह सुटी घालवून येतात, आणि परत आल्यावर निळें पाणी, पांढरी वाळू व रंगीत माती यांचीं छायाचित्रें आपणांस पाहावीं लागतात. त्याला माझी मुळींच हरकत नाहीं. प्रवास हें शिक्षणाचें एक अंग आहे, असें मीच वर्गांत तीस-पस्तीस वर्षें सांगत आलों. परंतु त्या छायाचित्रांतील डोंगर पाहतांना माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो. आज ज्या वाटांनीं हौशी लोक चढतात, त्या वाटांनीं पूर्वीं कोण जात असे, व कशासाठीं? मनास येईल तेव्हां उठावें आणि डोंगर चढावा, ही मुभा त्या बेटांत कोणाला होती, व कोणाला नव्हती? आज या प्रश्नाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊं. मादागास्करच्या पूर्वेस सुमारें पांचशें मैलांवर, मकरवृत्ताच्या उत्तरेस हें बेट आहे. लांबी चाळीस मैलांच्या आसपास, रुंदी तीस मैलांच्या आंत. सर्व बेट ज्वालामुखीच्या रसाचें बनलेलें. सर्वांत उंच शिखर सुमारें २,७०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मेंच. पण समुद्रसपाटीपासून तें एकदम वर उठतें, म्हणून डोळ्यांस फार उंच भासतें.

या दगडाशीं आपलें एक जुनें नातें आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतील ज्या भट्टींतून बाहेर पडला, त्याच भट्टीनें पुढें मॉरिशस घडविलें, असें बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. भट्टी जवळजवळ जागच्या जागीं राहिली. तिच्यावरून हिंदुस्थानची भूमि उत्तरेकडे सरकत गेली. मागें समुद्रांत जी रांग उरली तींत लखदीव व मालदीव यांच्या खालचा डोंगर येतो, आणि सुमारें ८० लक्ष वर्षांपूर्वीं वर आलेलें मॉरिशसही येतें. आतां ती भट्टी शेजारच्या रेयुनियों बेटाखालीं आहे व तेथील ज्वालामुखी अजून धगधगतो. मॉरिशसचा मात्र मनुष्याच्या आठवणींत कधीं जागा झालेला नाहीं. क्यूरपीप या गांवीं त्याचें एक विवर आहे. त्याच्या कांठावरून गोल फिरण्यास चांगला रस्ता आहे, आंत झाडें माजलीं आहेत, आणि सकाळच्या वेळीं गांवांतील पेन्शनर मंडळी तेथें आपल्या इकडच्यासारखीच फेऱ्या घालतात.

त्या विवराच्या फ्रेंच नांवाचा अर्थ 'हरणांची खळी'. हीं हरणें बेटावरचीं नव्हेत. डच लोक १५९८ सालीं तेथें उतरले, १६३८ सालीं त्यांनीं वसाहत केली, व दुसऱ्याच वर्षीं जावा बेटांतून हरणें आणि ऊंस हीं दोन्हीं आणलीं. हरणांची शिकार आजही होते. उंसानें तर पुढें सारें बेट व्यापलें. डच लोकांचा रानांतील संचार म्हणजे शिकार आणि काळ्या लांकडाची तोड. त्यांच्याच अमदानींत न उडणारा डोडो पक्षी नाहींसा झाला. १७१० सालीं ते बेट सोडून गेले.

पांच वर्षांनीं फ्रेंच आले. त्यांचा गव्हर्नर ला बूर्दोने हा १७३५ पासून बेटाचा कारभार पाहूं लागला. पोर्ट लुई शहर त्यानें उभें केलें. पांपलमूसच्या प्रसिद्ध बागेंत पिएर प्वाव्र यानें मोलुक्का बेटांतून मिळविलेलीं लवंग व जायफळ यांचीं रोपें लावलीं. ही बाग आजही प्रवासी आवर्जून पाहतात, व पाहावी अशीच ती आहे. परंतु बूर्दोनेचें शहर, मळे आणि बागा यांचे श्रम ज्यांचे होते त्या मादागास्कर, मोझांबिक आणि कांहीं अंशीं हिंदुस्थान येथून विकत आणलेल्या गुलामांना एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर जाण्याचीही मोकळीक नव्हती. १७२३ च्या फ्रेंच राजाज्ञेप्रमाणें एक महिना पळून राहिलेल्या गुलामाचे कान कापीत व खांद्यावर डाग देत. दुसऱ्या वेळीं गुडघ्यामागची शीर तोडीत. तिसऱ्या वेळीं देहान्त. या शिक्षेचा क्रम लक्षांत घ्यावा. दुसऱ्या वेळची शिक्षा मुद्दाम पायाची आहे.

इतकें असूनही माणसें पळत. पळून जावयाचें कोठें? बेटाच्या चोहोंकडे समुद्र. मग एकच जागा उरे, ती डोंगर. नैर्ऋत्य कोंपऱ्यांत समुद्रांत घुसलेल्या एका चिंचोळ्या भूशिरावर ल मोर्न नांवाचा सुमारें १,८०० फूट उंचीचा कडा आहे. बाजू ताशीव, माथ्यावर थोडी सपाटी, मधें अरुंद खिंड. ज्यानें आपले गड पाहिले आहेत त्याला असली जागा कशी राखतां येते हें सांगावयास नको. या डोंगरांतील गुहांतून व माथ्यावर पळालेले गुलाम राहत. त्यांच्या वस्तीच्या खुणा तेथें मिळाल्या आहेत. लोक अशी कथा सांगतात कीं, १८३५ सालीं गुलामगिरी बंद झाल्याची वार्ता सांगण्यास शिपायांची तुकडी ल मोर्नकडे निघाली. वर असलेल्यांना वाटलें, आपणांस धरण्यासच आले. आणि परत बेडींत जाण्यापेक्षां त्यांनीं कड्यावरून उड्या टाकल्या. या कथेस कागदोपत्रीं आधार नाहीं. पण क्रिओल समाजांत ती पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, आणि १ फेब्रुवारी रोजीं, मुक्तीच्या वाढदिवशीं, लोक या डोंगराच्या पायथ्याशीं जमतात. २००८ सालीं युनेस्कोनें ल मोर्नला जागतिक वारशांत स्थान दिलें. हल्लीं तेथें प्रवाशांसाठीं वाट आहे. पहिला भाग सोपा. वरचा भाग हातापायांनीं चढण्याचा, वाटाड्यावांचून जाऊं नये असा. खालीं दिसणारें पाण्याचे रंग अप्रतिम आहेत असें सर्वच सांगतात. त्याच कड्यावर बसून खालीं कोणी येत आहे काय एवढेंच पाहणारे डोळे एके काळीं होते.

गुलामगिरी उठली तेव्हां ब्रिटिश सरकारनें भरपाई दिली, पण ती मालकांना. या एका बेटाच्या वांट्यास वीस लक्ष पौंडांहून अधिक रक्कम आली. मुक्त झालेल्यांना कांहीं मिळालें नाहीं.

हौसेखातर डोंगर चढण्याची हकीकत याच सुमारास सुरू होते. बेट १८१० सालीं इंग्रजांनीं घेतलें होतें. त्यांचा मुख्य भूमापनाधिकारी कॅप्टन लॉइड हा उत्साही गृहस्थ होता. पोर्ट लुईच्या मागें पीटर बोथ नांवाचें शिखर आहे. त्याच्या निमुळत्या टोंकावर माणसाच्या मस्तकासारखा एक प्रचंड गोल धोंडा बसलेला आहे. तो आतां पडेल, मग पडेल असें वाटतें, पण पडत नाहीं. १८३२ सालीं लॉइड व त्याचे सोबती दोर आणि शिड्या लावून या धोंड्याच्या माथ्यावर चढले आणि त्यांनीं वर इंग्रजी निशाण फडकाविलें. त्या चढाईचा वृत्तान्त लंडनच्या भूगोल मंडळाच्या नियतकालिकांत छापून आला. शिड्या वर वाहून नेणारे मजूर कोण होते, त्यांचीं नांवें काय, हें मात्र कोणाच्या तोंडीं राहिलें नाहीं.

या शिखराच्या नांवाचीही गंमत आहे. पीटर बोथ हा डच ईस्ट इंडीजचा पहिला गव्हर्नर जनरल; तो १६१५ सालीं या बेटाजवळ जहाज फुटून बुडाला. पुढें आलेल्या भोजपुरी मजुरांना या साहेबाशीं कर्तव्य नव्हतें. त्यांनीं डोंगराला 'मुडिया पहाड' म्हटलें आणि त्यावर आपली गोष्ट रचली. एक गवळी रात्रीं डोंगरावर झोंपला असतां त्याला पऱ्यांचा नाच दिसला. कोणास सांगूं नको असें बजावलें असतांही त्यानें सांगितलें, आणि त्याचा दगड झाला. तोच हा वर बसलेला गवळी. मला वाटतें, ज्या लोकांना एखाद्या भूमीवर टिकावयाचें असतें ते प्रथम तिच्या डोंगरांस आपलीं नांवें देतात.

१८३६ सालीं एप्रिलच्या अखेरीस 'बीगल' जहाज पोर्ट लुईस आलें. त्यावर सत्तावीस वर्षांचा चार्लस् डार्विन होता. २ मे रोजीं तो ल पूस, म्हणजे 'अंगठा', या डोंगरावर चढला. दूरून हें शिखर खरोखरच वर केलेल्या अंगठ्यासारखें दिसतें. पुढें लॉइडच्या घरीं तो दोन दिवस राहिला, आणि बेटांतील एकुलत्या एक हत्तीवर बसून त्यानें प्रवासही केला. एवढें मोठें जनावर चालतांना मुळींच आवाज करीत नाहीं याचें त्याला नवल वाटलें. पण त्याच्या रोजनिशींत आपल्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची नोंद आहे, ती हिंदी बंदिवानांची. हिंदुस्थानांतून जन्मठेपेवर पाठविलेले सुमारें आठशें कैदी त्या वेळीं सार्वजनिक बांधकामांवर राबत होते. त्यांच्या पांढऱ्या दाढीमिशा व तेजस्वी मुद्रा पाहून डार्विन चकित झाला. हिंदुस्थानचे लोक दिसण्यांत इतके भारदस्त असतील याची आपणांस कल्पना नव्हती असें तो लिहितो. कित्येकांचा अपराध खुनासारखा होता. परंतु कांहींचा अपराध नैतिक दोष म्हणतां येईल असा नव्हता, हेंही त्यानें प्रांजळपणें नमूद केलें आहे.

अंदमानची बंदिवसाहत १८५८ सालीं सुरू झाली. त्यापूर्वींचें हें एक काळें पाणी होतें. १८१५ ते १८३७ या काळांत सुमारें दीड हजार बंदिवान तेथें पाठविले गेले, बहुतेक बंगालमधून, पण आपल्या मुंबई इलाख्यांतूनही. बेटाचे रस्ते व पूल यांचें पुष्कळ काम या लोकांनीं केलें. डार्विननें बेटांतील उत्तम रस्त्यांची स्तुति केली आहे. त्या रस्त्यांवरूनच तो डोंगरांकडे गेला.

यापुढचा भाग बहुतेकांस ठाऊक आहे, तरी थोडक्यांत सांगतों. गुलाम मोकळे होणार हें दिसूं लागतांच मळेवाल्यांनीं हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर आणण्यास आरंभ केला. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'ॲटलस' जहाजांतून कलकत्त्याहून ३६ जण उतरले. पुढें जवळजवळ पांच लक्ष आले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या सोळा दगडी पायऱ्या चढून हे लोक वर येत, तो आप्रवासी घाट आज जागतिक वारशांत आहे. कलकत्ता व मद्रास यांच्या मानानें मुंबई बंदरांतून गेलेले थोडे. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी या भागांतील आपले कोंकणी मराठे बरेच होते.

शेतांत या लोकांचें पहिलें काम दगड वेंचण्याचें. त्या ज्वालामुखीच्या जमिनींत मातीइतकेच धोंडे. ते हातांनीं काढून, डोक्यावर वाहून, शेतांच्या मधोमध रचावयाचे व उरलेल्या जागेंत ऊंस लावावयाचा. उंसाच्या हिरव्या शेतांत दिसणारे हे काळ्या दगडांचे ढीग पाहून नवखा प्रवासी त्यांना प्राचीन अवशेष समजतो. आपल्या माणसांनीं मांडलेला हा हिशेब आहे. तो वाचावयास यावा, इतकेंच.

करार संपला म्हणजे मजूर मोकळा, असा कायद्याचा शब्द होता. मळेवाल्यांना तो सोसेना. मोकळा मनुष्य पुन्हा त्यांच्याच मळ्यावर राबावा अशी त्यांची इच्छा. म्हणून १८६७ सालीं नवा कायदा झाला. करार पुरा केलेल्या जुन्या मजुरानेंसुद्धां स्वतःचें छायाचित्र चिकटविलेलें तिकीट बाळगलें पाहिजे, ज्या तालुक्यांत तो राहतो त्याचा पोलिसी परवाना जवळ ठेवला पाहिजे. परवान्याशिवाय तालुक्याबाहेर सांपडला कीं तो भटक्या ठरून कैदेंत. श्रोतेहो, शेजारच्या तालुक्यांतील बहिणीला भेटावयास निघालेला मनुष्य या कायद्यानें गुन्हेगार होत होता. ज्या बेटाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकास सशक्त माणूस दोन दिवसांत चालत जाईल, तेथें चालणें हाच अपराध झाला. गुलामगिरींत पायाची शीर तोडीत असत. आतां सुरी नव्हती, कागद होता, एवढा फरक.

याविरुद्ध पहिली मोठी दाद मागण्यास साहाय्य करणारा एक युरोपीय होता, आदोल्फ द प्लेव्हित्स. १८७१ सालीं त्यानें जुन्या मजुरांचा अर्ज तयार करून त्यावर ९,४०१ सह्या व अंगठे मिळविले. गोऱ्या मळेवाल्यांनीं त्याला भर रस्त्यांत मारहाण केली. तथापि १८७२ सालीं इंग्लंडहून राजनियुक्त चौकशी मंडळ आलें, त्यानें अर्जांतील तक्रारी बहुतांशीं खऱ्या ठरविल्या, आणि हळूहळू जाच सैल झाला.

या पार्श्वभूमीवर पुढील हकीकत ऐकावी. बेटाच्या दक्षिणेकडील उंच पठारावर, दाट झाडींत, ज्वालामुखीच्या जुन्या विवरांत एक तळें आहे. फ्रेंच नांव ग्रां बासें, म्हणजे मोठें कुंड; मजूर त्याला परी तलाव म्हणत. उत्तरेकडील त्रियोले गांवच्या झुम्मन गिरि नांवाच्या गोसाव्याला १८९७ सालीं स्वप्नांत दिसलें कीं, या तळ्याचें पाणी गंगेशीं मिळालेलें आहे. दुसऱ्या वर्षीं तो थोड्या मंडळींसह चालत तेथें गेला आणि पाणी आणून त्यानें महाशिवरात्रीस शंकराला वाहिलें. कांहीं सुशिक्षित लोक स्वप्नाच्या गोष्टीला हंसतील. मला त्यांत हंसण्यासारखें दिसत नाहीं. बेटाच्या उत्तर भागांतून दक्षिणेच्या डोंगरांत, मुकादमाच्या हुकुमानें नव्हे व कोणाचें ओझें घेऊन नव्हे, केवळ स्वतःच्या इच्छेनें हे लोक पायीं निघाले. ज्यांच्या बापांना तालुका ओलांडण्यास परवाना लागत होता, त्यांचीं मुलें आतां सगळें बेट ओलांडून जाऊं लागलीं. आज महाशिवरात्रीस पांढरे कपडे घातलेले लाखों यात्रेकरू खांद्यावर कांवडी घेऊन त्या रस्त्यांनीं चालतात, आणि वाटेंत सर्व धर्मांचे लोक त्यांना पाणी व फराळ देतात. १९७२ सालीं त्या तळ्यांत गंगाजल मिसळलें गेलें व त्याचें नांव गंगा तलाव झालें. कांठावर १०८ फूट उंचीची शंकराची मूर्ति आहे. ती बडोद्याच्या सूरसागर तलावांतील मूर्तीच्या नमुन्यावर घडविलेली, हें बडोदेकरांस ऐकून संतोष वाटेल. मूर्ति भव्य आहे. मला स्वतःला मात्र त्या यात्रेकरूंची रांग अधिक भव्य वाटते.

चालण्याचा हा धागा पुढें राजकारणांतही दिसतो. मॉरिशस स्वतंत्र झालें तें १२ मार्च १९६८ रोजीं. गांधीजी दांडीस निघाले तो दिवस १२ मार्च १९३०. तो स्मरूनच ही तारीख निवडली होती.

आपले मराठी लोक बेटाच्या पश्चिमेकडे, कास्काव्हेल, व्हाक्वा, ब्लॅक रिव्हर या भागांत अधिक वसले. म्हणजे प्रवासी ज्याला आज मॉरिशसचा रमणीय प्रदेश म्हणतात, तोच हा. शामारेलचा धबधबा, तेथील तांबूस-जांभळी माती, ल मोर्नचा कडा, हीं सर्व या वस्त्यांपासून जवळ. १९९४ सालीं याच डोंगराळ मुलखांत राष्ट्रीय उद्यान झालें. त्यांत हिंडतांना एक लहानसा ससाणा दिसला तर जरूर थांबून पाहावा. १९७४ सालीं असे केवळ चार पक्षी उरले होते, आणि चिकाटीच्या प्रयत्नांनीं ते पुन्हा शेंकड्यांनीं झाले. भाद्रपदांत या भागांत गणपति बसतात. चतुर्थीला सबंध देशांत सरकारी सुटी असते. मूर्ति नदीवर किंवा समुद्रावर नेतांना आपल्या कोंकणांतील जाखडी नाचतात. तेथें तिला झाकरी म्हणतात. घरांत क्रिओल बोलणारीं मुलें शाळेंत मराठी शिकतात.

ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं मे ते नोव्हेंबर या थंड व कोरड्या दिवसांत जावें. जानेवारीपासून मार्चपर्यंत वादळांचें भय असतें. ज्यांना एकच डोंगर चढतां येण्यासारखा असेल त्यांनीं ल पूस निवडावा. वाट सोपी आहे, तीन-चार तासांत जाऊन येतां येतें. माथ्यावरून एकीकडे पोर्ट लुईचें बंदर व त्या सोळा पायऱ्यांची जागा दिसते, दुसरीकडे उंसाची शेतें आणि त्यांतले काळे ढीग. उतरतांना मोकाच्या बाजूनें उतरावें. मोका येथें महात्मा गांधी संस्था आहे. मजुरांच्या आगमनाच्या नोंदवह्या तेथें जपून ठेवल्या आहेत. नांव, बापाचें नांव, गांव, वय, उंची, अंगावरची खूण, सर्व लिहिलेलें. आपल्या घराण्यांतून कोणी त्या काळीं बोटीवर चढून परत न आलेला असेल, तर चौकशी करावी. पुष्कळ कुटुंबांना तेथें आपल्या पणज्याचें एकमेव छायाचित्र सांपडलें आहे, छातीपर्यंतचें, समोर पाहणारें, तिकिटावर चिकटविण्यासाठीं काढलेलें.